वार्षिकांकातली चार कोरी पाने

महाविद्यालयाचे वार्षिक म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. गुळगुळीत मुखपृष्ठावर इमारतीचे छायाचित्र. आत संस्थेच्या अध्यक्षांपासून सुरू होणारी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात संपणारी छायाचित्रांची रांग. मग प्राचार्यांचे मनोगत, विभागांचे अहवाल, गुणवंतांची यादी, आणि कुठेतरी पुढे गेल्यावर मुलांनी लिहिलेले काही. ‘आई’, ‘पाऊस’, ‘मैत्री’, ‘हुंडा : एक सामाजिक समस्या’. हसण्यासारखे त्यात बरेच असते आणि मोठी माणसे हसतातही. पण परभणीसारख्या जिल्ह्यात, जिथे घरातला पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी महाविद्यालयाची पायरी चढलेली असते, तिथे या अंकाकडे जरा थांबून पाहायला हवे. त्या घरातल्या माणसाचे नाव छापील कागदावर येण्याचा हा पहिला प्रसंग असतो. एरवी नाव छापून येते ते मतदार यादीत, सातबाऱ्यावर नाहीतर बँकेच्या नोटिशीत.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपल्याकडे कौतुकाने आणि थोड्या थट्टेनेही सांगितली जाते. या गावाचे नाव देशभर पोहोचवले ते शेतीने. १९७२ साली येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव मिळाले. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी आणि ‘परभणी मोती’ ही ज्वारी शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. पण या मातीत दुसरेही एक पीक जोमाने येते. कवी आणि कादंबरीकार बी. रघुनाथ परभणीचे. विचारवंत नरहर कुरुंदकर तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील नांदापूरचे. कवी फ. मुं. शिंदे कळमनुरीकडचे आणि इंद्रजित भालेराव वसमतकडचे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख परभणीचाच होता. भालेराव तर परभणीच्या ज्ञानोपासक महाविद्यालयात वर्षानुवर्षे शिकवत राहिले. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा परभणीत बसून लिहिणाऱ्या लेखकाची दखल दिल्लीने घेतली होती. अशा जिल्ह्यात महाविद्यालयाचा अंक कसा निघतो, कोण काढतो आणि त्यात काय छापले जाते, हा नुसता शाळा-कॉलेजातला किरकोळ विषय राहत नाही.

पावणेदोनशे वर्षांची वाट

विद्यार्थ्यांनी मासिक चालवायचे ही कल्पना मराठीत आजची नाही. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने मराठी ज्ञानप्रसारक सभा निघाली. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. या सभेने १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू केले आणि ते १८६७ पर्यंत चालले. शास्त्र, इतिहास, व्यवहार असे नाना विषय त्यात येत. नवे ज्ञान आपल्या भाषेत कसे सांगावे, याचा तो सराव होता आणि तो करणाऱ्यांत विशी-पंचविशीतली मुले होती.

पुढे शंभर वर्षांनी, १९५५ च्या सुमारास, मुंबईतच ‘शब्द’ नावाचे अनियतकालिक निघाले. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांचे मित्र ते काढत. चित्रे तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते. छपाईला पैसे नव्हते म्हणून अंक चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइल केलेला. मेणकागदावर अक्षरे टोचायची, शाईचा रूळ फिरवायचा आणि प्रती काढायच्या. मराठी कवितेला वेगळे वळण लावणाऱ्या लघुनियतकालिकांची सुरुवात अशी तुटपुंज्या साधनांतून झाली.

मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. निजामी राजवटीत शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. १९१३ साली जन्मलेल्या बी. रघुनाथांना परभणीत महाविद्यालय मिळणे शक्य नव्हते. मॅट्रिकनंतर त्यांनी बांधकाम खात्यात नोकरी धरली आणि खात्याच्या कागदांच्या गराड्यात कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ साली वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या पिढीला स्वतःच्या गावात आपले लिखाण दाखवायला वर्गही नव्हता आणि अंकही नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटू लागले. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उभे राहिले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. खेड्यापाड्यांतली मुले ट्रंका घेऊन वसतिगृहांत राहायला आली आणि त्यांच्यापाठोपाठ भित्तिपत्रके आणि वार्षिके आली.

त्या वातावरणातून केवढे मोठे काम उभे राहू शकते, याचा दाखला मिलिंद महाविद्यालयाच्याच परिसरात मिळतो. तेथे प्राचार्य म. ना. वानखेडे आणि प्रा. गंगाधर पानतावणे यांच्याभोवती लिहू पाहणाऱ्या मुलांचा मेळा जमला. त्यातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मिता’ हे नियतकालिक सुरू झाले आणि लवकरच त्याचे नाव ‘अस्मितादर्श’ झाले. पानतावणे यांनी हे त्रैमासिक जवळजवळ पन्नास वर्षे, २०१८ साली निधन होईपर्यंत चालवले. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना अक्षर बंद होते, त्यांच्या कविता आणि आत्मकथने तेथे छापली गेली. दलित साहित्याचा इतिहास लिहिताना ‘अस्मितादर्श’ वगळून चालत नाही. त्याचे मूळ शोधत गेले तर आपण एका महाविद्यालयाच्या आवारातच पोहोचतो. तेथे एक प्राध्यापक मुलांच्या वह्या मन लावून वाचत होता.

फर्म्याचे गणित

अंक काढणे म्हणजे नेमके काय करणे, हे ज्यांनी ते केले त्यांनाच ठाऊक. पावसाळा सरता सरता सूचनाफलकावर कागद लागतो : ‘विद्यार्थ्यांनी आपले साहित्य कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात लिहून द्यावे.’ पहिला आठवडा कुणी फिरकत नाही. मग एकदम ढीग येतो. त्यातल्या काही कविता पाठ्यपुस्तकातल्या असतात, काही सिनेमातल्या, आणि आता काही भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या. ‘हे तू लिहिलेस?’ असे विचारले की मुलगा खाली बघतो. पण त्याच ढिगात चार ओळी अशा निघतात की वाचणारा चष्मा काढून पुसतो आणि पुन्हा वाचतो.

छपाईचे शास्त्र निराळेच. छापखान्यात पाने सुटी मोजत नाहीत, फर्म्यात मोजतात. अंकाचा आकार लहान असेल तर एका फर्म्यात सोळा पाने, मोठा असेल तर आठ. मजकूर बसवून झाला की छापखानेवाला म्हणतो, ‘सर, चार पाने कोरी राहतात, काहीतरी द्या.’ कोरी पाने सोडली तरी कागदाचे पैसे पडणारच. मग नाकारलेल्या ढिगात पुन्हा हात घातला जातो. अनेकांची पहिली कविता अशी फर्मा भरायला छापली गेली आहे. गुणवत्तेच्या दारातून नाही, तर हिशेबाच्या खिडकीतून ती आत आली. पण एकदा आत आली की तिला घालवणे अवघड. नाव छापलेला तो मुलगा पुढच्या वर्षी दुसरी कविता घेऊन येतो आणि ती पहिलीपेक्षा बरी असते.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात देवनागरीची जोडाक्षरे जुळवणे म्हणजे किचकट काम. शेकडो खणांतून एकेक खिळा उचलून ओळ बांधायची. छायाचित्रासाठी जस्ताचा ब्लॉक करून आणायचा. गॅली प्रूफ आले की ते घेऊन झाडाखाली बसायचे. ज्या महाविद्यालयांत उर्दू विभाग असे, तेथे तर आणखी मौज. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून तो विभाग अंकाच्या पाठीमागून सुरू होई. मराठीवाल्यांचे शेवटचे पान ते उर्दूवाल्यांचे पहिले. त्याचा मजकूर कातिब बोरूने लिहून देई. एकाच अंकाला दोन दारे, आणि दोन्हीकडून आत आलेली मुले मधल्या पानांवर भेटत. परभणीच्या समाजाचे याहून सुंदर चित्र शोधून सापडायचे नाही.

१९९० च्या दशकात संगणकावरची अक्षरजुळणी आली, ऑफसेट स्वस्त झाले, पाने चकचकीत झाली. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणीची महाविद्यालये त्याच्याकडे गेली. १९९५ मध्ये परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. ज्यांच्या गाजलेल्या संग्रहाचे नावच ‘माझे विद्यापीठ’, आणि ज्यांचे विद्यापीठ म्हणजे मुंबईचा रस्ता आणि गिरणी, असा कवी शेतीच्या गावात अध्यक्ष म्हणून आला. कविता फक्त पुण्या-मुंबईच्या बंगल्यांत राहते, हा समज ज्यांच्या मनात असेल त्यांचा तो तेथे नक्की गळून पडला असेल.

‘व्हतं’ की ‘होतं’?

अंक चालवताना खरा पेच पडतो तो पैशांचा नव्हे, भाषेचा. सोनपेठ-पाथरीकडची मुलगी घरात ‘मपलं’, ‘तुपलं’ बोलते. तिची आजी तिफण, वखर, कासरा, खळं, रास या शब्दांत जगलेली असते. ही मुलगी लिहायला बसली की एकदम ‘निसर्गाची किमया’ आणि ‘मानवी जीवनाची वाटचाल’ लिहू लागते. कारण शाळेत तिला सांगितलेले असते की निबंधाची भाषा हीच. ती बोलल्यासारखे लिहून आलीच, तर कधी शिक्षकाची लाल शाई, कधी अक्षरजुळणी करणारा ते ‘दुरुस्त’ करतो. ‘व्हतं’चे ‘होतं’ होते आणि कवितेतली आजी नाहीशी होते.

याचा अर्थ शुद्धलेखन वाऱ्यावर सोडावे असा नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक ही चूकच. पण चूक आणि बोली यांतला फरक ओळखणे, हेच तर संपादकाचे पहिले काम. ज्या मुलाला तो फरक एकोणिसाव्या वर्षी कळला, तो पुढे शिक्षक होवो, तलाठी होवो की कृषी सहायक, समोरच्या माणसाचे बोलणे तो हसण्यावारी नेणार नाही. बोलीतून लिहिलेली कविता आणि कथा मराठीत मानाने वाचली जाते, हे याच भागातल्या लेखकांनी सिद्ध करून दाखवले आहे. मग त्यांच्या जिल्ह्यातल्या वार्षिकांकांनी कशाची लाज बाळगावी?

दुसरा पेच याहून नाजूक. दरवर्षी आलेल्या ढिगात ‘बाप’ नावाच्या कविता असतात. दुष्काळ, कर्ज, कापसाचा भाव, गळफास. ‘तेच तेच विषय’ असे म्हणून त्या बाजूला सारल्या जातात. समित्यांवर बसलेल्यांना तो विषय जुना झालेला असतो. पण लिहिणाऱ्याच्या घरात तो कालचा असू शकतो. अशा वेळी संपादकाने काय करावे? कविता वाईट असेल तर केवळ विषयासाठी ती छापू नये, हे खरे. पण त्या मुलाला बोलावून, शेजारी बसवून, ‘हे तू ऐकलेले लिहिलेस की पाहिलेले?’ एवढे तरी विचारावे. उत्तर ऐकले की पुष्कळदा कळते की येथे कवितेपेक्षा माणसाला आधी जपायला हवे. कधी नाव न घालता छापावे लागते, कधी छापूच नये आणि नुसते बोलत राहावे. तसेच मुलींच्या लिखाणाचे. आपल्या गावातल्या कोवळ्या वयातल्या लग्नांवर एखादी मुलगी धीटपणे लिहिते, तेव्हा अंक तिच्या घरीही जाणार आहे, याचा विचार करावा लागतो. तिचा लेख कापून गुळगुळीत करणे सोपे असते. तिच्याशी बोलून, तिच्या संमतीने, तिला धक्का न लागता तो छापणे अवघड असते. संपादन शिकायचे ते इथे. कुठल्याही अभ्यासक्रमात हा तास नसतो.

अंक कुणाचा?

आता थोडे कडू बोलायला हवे. प्रवेशाच्या वेळी शुल्काच्या पावतीवर नियतकालिकाचा रकाना असतो. मुलांच्या पैशांतून निघणाऱ्या अंकात मुले किती आणि इतर किती, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका संपल्या. त्यांच्याबरोबर मारामाऱ्या गेल्या हे बरे झाले, पण निवडून आलेला, मुलांना जाब देणारा प्रतिनिधीही गेला. संपादक मंडळात ‘विद्यार्थी प्रतिनिधी’ म्हणून एखादे नाव असते. त्या मुलाला आपण मंडळात आहोत हे कधी कधी अंक हाती पडल्यावर कळते. मूल्यांकन समित्या येऊ लागल्या तसा अंक टेबलावर मांडून दाखवायची वस्तू झाला. अहवाल फुगले, कविता आकसल्या. २०२० साली महाविद्यालये बंद पडली तेव्हा अनेक वार्षिके पडद्यावर गेली. काही परत कागदावर आली, काही आलीच नाहीत.

यावर कुणी म्हणेल, आता अंकाची गरजच काय? मुले रोज हातातल्या यंत्रावर हजार लोकांपुढे लिहितात, अंगठे मिळवतात. खरे आहे. छापून येण्याची जुनी अपूर्वाई आज उरलेली नाही. पण नीट पाहिले तर अंकाची देणगी छपाई ही कधीच नव्हती. लिखाण लोकांपुढे जाण्याआधी कुणीतरी ते शांतपणे वाचते आणि म्हणते, ‘शेवटचे कडवे काढ, तुझी कविता त्याच्या आधीच संपली आहे.’ हा पहिला वाचक, ही अंकाची देणगी. वाहवा करणारे आज पुष्कळ आहेत. कडवे काढायला सांगणारा दुर्मीळ झाला आहे.

तो वाचक फार खर्चिक नाही. पाच मुलामुलींचे मंडळ आणि एक प्राध्यापक, एवढे पुरते. दर दोन महिन्यांनी एक भित्तिपत्रक लावायचे, म्हणजे वार्षिकाची निवड वर्षभर होत राहते आणि शेवटच्या आठवड्याची घाई टळते. आलेले प्रत्येक लिखाण दोन ओळींच्या अभिप्रायासह परत द्यायचे. नाकारलेल्याला कारण कळले पाहिजे. निम्मी पाने मुलांच्या लिखाणाला, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवायचा. आणि कविताच कशाला? आजीच्या ओव्या टिपून आणाव्यात, मोंढ्यातल्या हमालाची मुलाखत घ्यावी, गावातल्या बंद पडलेल्या बारवेची हकिकत लिहावी. कृषी विद्यापीठातली मुले तर ग्रामीण कार्यानुभवासाठी शेतकऱ्यांमध्ये राहतात. त्यांच्या वह्यांत बियाण्यांच्या नोंदींबरोबर माणसांच्या नोंदीही उतरल्या, तर तो अंक वाचायला कुणीही मागून नेईल.

जुने अंक जपणे, हेही एक काम आहे. १९७२ चा दुष्काळ, १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन, नामांतराची धग, १९९५ चे संमेलन, हे सारे त्या त्या वर्षीच्या विशीतल्या मुलांनी पाहिले. त्यांतल्या काहींनी नक्कीच वार्षिकांत लिहिले असणार. पुढाऱ्यांची भाषणे वर्तमानपत्रांच्या दप्तरांत सापडतील. पण दुष्काळी कामावर खडी फोडून सुटीनंतर वर्गात परतलेल्या मुलाला काय वाटले, हे सापडले तर अशा अंकातच सापडेल. आणि असे अंक ग्रंथालयाची जागा मोकळी करताना सगळ्यांत आधी रद्दीत जातात. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या साऱ्या वार्षिकांचा एक संच बांधून ठेवला, त्याच्या संगणकीय प्रती काढल्या, तर उद्याच्या अभ्यासकाला परभणीचा एक सलग इतिहास हाती लागेल, तोही मुलांच्या अक्षरात.

हा लेख वाचणाऱ्या कितीतरी घरांत, माळ्यावरच्या पेटीत किंवा कपाटाच्या तळाशी, असा एखादा पिवळा पडलेला अंक असेल. वडिलांचा असेल, मावशीचा असेल. आज रविवार आहे. तो काढून झटकावा, घरातल्या मुलांपुढे ते पान उघडावे आणि त्यांना हसू द्यावे. हसून झाले की एखादे मूल विचारेलच, ‘मग पुढे का नाही लिहिलंत?’ त्याला काय उत्तर द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. वाचून झाल्यावर तो अंक पुन्हा पेटीत टाकू नये. ज्या महाविद्यालयाने तो काढला, तेथल्या ग्रंथालयात नेऊन द्यावा, आणि जाता जाता तिथल्या मुलांना विचारावे, यंदाचा अंक कोण काढतोय?